मापाची वही

शहापूर खडेबाजारात, कपिलेश्वराकडं जाताना
डाव्या हाताला माझं दुकान. बोर्ड दोन भाषांत.
वर कुठली आणि खाली कुठली, यावरनं
दोनदा रंगवून झालाय.

खाकी शिवतो मी. वडीलही तेच शिवायचे.
दसऱ्यानंतर कोल्हापूरची सिनेमा कंपनी आली.
त्यांचा पोरगा यादी वाचू लागला, मी वही उघडली.

इन्स्पेक्टर एक.
बाही दंडाला चावली पाहिजे.
काखेत उसवेल, म्हणालो.
"उसवू दे, मारामारीत तेच पाहिजे."

हवालदार दोन, पोटवाले.
माणूस बारीक निघाला तर?
त्यानं पिशवीतनं पोट काढून टेबलावर ठेवलं,
कापसाचं, मागं बांधायला नाड्या.
"चौथं बटण कच्चं लावा. पळताना उडतं. तिथं हशा आहे."

लाच खाणारा एक, त्याला खिसे मोठे.
सगळं संपल्यावर जीपमधनं उतरणारे बारा.
त्यांची मापं नकोत, ते लांबनंच दिसतात.
आणि एक म्हातारा जमादार,
परवा रिटायर होणारा, घरात लग्नाची मुलगी.
"ह्याचा डावा खिसा पातळ कापडाचा.
गोळी तिथनं जाते."

एका अंगानं दुमडलेल्या टोप्या चार.
"त्या इकडच्या पोलिसांना. ते लाठी मारतात.
त्यांना डायलॉग नाहीत."

त्याच्या आदल्या साली धारवाडची कंपनी आली होती.
त्यांचा मराठी हवालदार तोतरा होता,
त्याला मी ढगळ पँट शिवली.
पैसे दोघांनीही उशिरा दिले.

यादी चालू असतानाच अडिवेप्पा आला.
अडिवेप्पा मुगळखोड, हेड कॉन्स्टेबल, मार्केट ठाणं.
तो माझ्याशी मराठी बोलतो, मी त्याच्याशी कन्नड,
दोन्ही मोडकी. हसत कुणीच नाही.
पँट बारीक करायची होती. कंबर अडतीसची चौतीस.
"शुगर," म्हणाला. "आणि आता एक तारीख आली की ओ."

एक नोव्हेंबरला सकाळी
तो काळ्या कपड्यातल्या माणसांपुढं उभारतो,
दुपारनंतर लाल-पिवळ्या झेंड्यांपुढं.
मधे केळं मिळालं तर खातो.
सकाळी मी त्याच्या समोर असतो, तिसऱ्या रांगेत.
तो मला ओळखत नाही. मीही नाही.

पोरगा त्याच्याकडं बघत राहिला.
"काका, गर्दीत उभे राहता का? दिवसाला आठशे."
मग पुन्हा वरनं खाली बघितलं.
"नको. तुम्ही पोलीस वाटत नाही."
"हौद्री," अडिवेप्पा म्हणाला,
"माझी बायकोबी तेच म्हणती."
आणि टेबलावरचं पोट उचलून, दाबून बघून
विचारलं, "हे धुवायचं कसं?"

पोरगा गेल्यावर, टेप कमरेला असताना
हळूच म्हणाला, "शर्टाला आतनं एक खिसा दे.
गोळ्यांना. उन्हात उभारलं की हात कापतात."
मी वहीत लिहून घेतलं:
डावीकडं, आतून. कापड जाड.

सिनेमा लागला तेव्हा टॉकीजबाहेर
बंदोबस्ताला तोच. पोस्टर कुणी फाडू नये म्हणून.
मध्यंतरात मी चहाला बाहेर आलो.
"मगाशी सगळी एवढी हसली कशाला?"
बटण तुटलं, म्हणालो. हवालदाराचं.
तो थोडा वेळ गप्प.
"मग तुमचंच नाव खराब झालं की ओ."

कापसाचं पोट कंपनी इथंच विसरून गेली.
नाड्या कापून स्टुलावर टाकलंय.
अडिवेप्पा येतो, टोपी मशिनवर ठेवतो,
बूट काढून त्यावर बसतो.
मी त्याचं चौथं बटण
दुहेरी दोऱ्यानं लावत असतो.